चिठ्ठी निखळलेला गठ्ठा

श्रोतेहो, नमस्कार.

नागपूर विद्यापीठाची स्थापना 4 ऑगस्ट 1923 रोजी झाली. पुढे 1983 मध्ये अमरावतीला आणि 2011 मध्ये गडचिरोलीला वेगळे विद्यापीठ झाले. तरी त्याआधी पदवी घेतलेल्या अकोल्याच्या किंवा चंद्रपूरच्या माणसाची पदवी नागपूरचीच राहिली. त्यामुळे विद्यापीठाचे जुने दप्तर नीट असणे ही केवळ एका इमारतीची नव्हे, तर अवघ्या विदर्भाची गरज आहे.

नीट याचा अर्थ सगळे कागद जन्मभर साठवणे असा नाही. शासकीय दप्तरात 'अ' वर्गाचा कागद कायम, 'ब' 30 वर्षे, 'क' 10 वर्षे, 'क-1' 5 वर्षे आणि 'ड' 1 वर्ष ठेवायचा, ही वाटणी लेखणी हाती धरणाऱ्या प्रत्येकाला पाठ असते. विद्यापीठाची निकालपत्रके, म्हणजे टॅब्युलेशन रजिस्टरे, आणि पदवीधरांच्या नोंदी कायमच्या. तपासलेल्या उत्तरपत्रिका मात्र मुदत संपली की मंजुरी घेऊन आणि यादी करून नष्ट करायच्या. यादी करून, हे मी पुन्हा सांगतो, कारण काय नष्ट केले हे सांगणारा तेवढाच एक कागद मागे उरतो. माहिती अधिकार कायदा 2005 च्या चौथ्या कलमानेही अभिलेखांची सूची ठेवणे बंधनकारक केले आहे. ती सूची आणि गठ्ठा यांची गाठ सुटली म्हणजे काय होते, ते मी पाहिले आहे.

विदर्भातल्या एका विद्यापीठाच्या अभिलेख कक्षात मी काही वर्षे काम केले. एकदा भर मे महिन्यात, पंखाही गरम वारा फेकत होता अशा दुपारी, एक निवृत्त शिक्षिका एसटीने आल्या. त्यांच्या निवृत्तिवेतनाचे प्रकरण नावातील तफावतीमुळे अडले होते आणि बी.ए.च्या निकालाची पडताळणी हवी होती. मूळ गुणपत्रिकेला त्यांनी प्रेमाने लॅमिनेशन करून घेतले होते. आतली शाई पसरली होती आणि आसन क्रमांक वाचता येत नव्हता. श्रोतेहो, कृपा करून पदवीच्या कागदांना लॅमिनेशन करू नका. प्लास्टिकमध्ये चिकटलेला कागद पुन्हा सुखरूप सोडवता येत नाही. साधी फाइल आणि कोरडे कपाट पुरेसे असते.

बाईंना वर्ष आठवत होते आणि परीक्षा उन्हाळी होती अशी त्यांची खात्री होती. आम्ही दोन दिवस उन्हाळी परीक्षेची रजिस्टरे पानन् पान पाहिली, माहेरच्या नावाने पाहिली, सासरच्या नावाने पाहिली, तरी नोंद मिळाली नाही. तिसऱ्या दिवशी आमच्या कक्षातल्या वयस्क शिपाईदादांनी त्यांना विचारले, "मावशी, पेपर लिहाले बसल्या तवा थंडी होती का?" बाई क्षणभर थांबल्या. मग म्हणाल्या, "लेकरू शालीत गुंडाळून आईपाशी ठेवलं होतं, बाहेर झाडाखाली. हो, थंडीच होती."

म्हणजे परीक्षा हिवाळी होती. सूचीत ते रजिस्टर होते, पण मांडणीवर नव्हते. शिपाईदादांनी गठ्ठ्यांना बांधलेला एकेक लाल रुमाल सोडायला घेतला, आणि सर्वांत खालच्या फळीवर, भलत्याच वर्षाच्या गठ्ठ्यांत ते सापडले. रुमालावर डिंकाने चिकटवलेली चिठ्ठी कसरीने खाल्ली होती. तिचा नखाएवढा तुकडा तेवढा कापडाला धरून होता. कडेला वाळवीने कुरतडलेल्या पानावर माहेरच्या नावाने बाईंची ओळ शाबूत होती, विषयवार गुणांसह. त्यांनी पदर बोटाला गुंडाळला, पान मळू नये म्हणून, आणि मग त्या ओळीवर बोट ठेवले.

त्याच दुपारी शिपाईदादांनी कापडाच्या पट्टीवर वर्ष, परीक्षा आणि हंगाम लिहिले व ती पट्टी काळ्या दोऱ्याने रुमालाला शिवून टाकली. सुईत दोरा बाईंनी ओवून दिला. गठ्ठा पहिल्या फळीवर योग्य जागी गेला आणि सूचीत फळीचा क्रमांक लिहिला गेला. खालची फळी आम्ही कायमची रिकामी केली. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे नागपूरच्या अंबाझरी तलावाचे पाणी ज्यांच्या घरात शिरले, त्यांना त्याचे कारण सांगायला नको.

आता रजिस्टरे स्कॅन होत आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु स्कॅन केलेल्या फाइलचे नाव म्हणजे रुमालावरची चिठ्ठीच होय. नुसत्या क्रमांकाच्या हजारो फाइली संगणकात पडून राहिल्या, तर कसर न लागताही आपण पुन्हा त्याच खालच्या फळीपाशी येऊ. फाइलच्या नावात वर्ष लिहा, परीक्षा लिहा, हंगाम लिहा, आणि मूळ रजिस्टर कोणत्या फळीवर आहे तेही सूचीत लिहा. स्कॅन झाले म्हणून मूळ रजिस्टर रद्दीत काढायचे नाही. ते 'अ' वर्गाचे आहे.

नमस्कार.