नावाला जागणारी शस्त्रं

[काळा पडदा. पांढरी अक्षरं. मधोमध ॲटचं चिन्ह सरकतंय.]

हे ॲटचं चिन्ह म्हणजे आपण. ठिपके म्हणजे जमीन, हॅशच्या खुणा म्हणजे भिंती. आणि त्या कोपऱ्यात एक उभी रेघ दिसतेय? ती तलवार.

या गेमचं नाव 'अँगबँड'. १९९० साली इंग्लंडमधल्या वॉरिक विद्यापीठात ॲलेक्स कटलर आणि अँडी ॲस्ट्रँड यांनी तो लिहिला. नमुना समोर होताच: अमेरिकेत ओक्लाहोमा विद्यापीठातल्या रॉबर्ट कोनेके यांचा, ऐंशीच्या दशकातला 'मोरिया'. मोरियाच्या तळाशी बॅलरॉग नावाचा आगीचा राक्षस बसलेला असे. वॉरिकच्या पोरांनी त्याहून खोल खणायचं ठरवलं. शंभर मजले, पाच हजार फूट. नव्व्याण्णवाव्या मजल्यावर खलनायक सॉरॉन, शंभराव्यावर खुद्द त्याचा धनी मॉर्गॉथ. चित्र नाही, आवाज नाही. जे.आर.आर. टोल्किनच्या कथांमधून उचललेली नावं, आणि प्रत्येक नावामागे काही आकडे.

आपला प्रश्न त्या आकड्यांबद्दलच आहे. पुस्तकातली वस्तू गेममध्ये येते तेव्हा नावाबरोबर तिचा स्वभावही येतो, की नुसती पाटी?

[ॲट त्या रेघेवर पोहोचतो. वरच्या ओळीत तलवारीचं नाव उमटतं.]

रिंगिल. ही सापडली की अँगबँड खेळणारा माणूस खुर्चीत सरळ बसतो.

रिंगिल होती फिंगॉल्फिनची. तो नोल्डोर एल्फांचा राजा; एल्फ म्हणजे टोल्किनच्या जगातली अमर जमात. त्याची गोष्ट 'सिल्मॅरिलियन'मध्ये आहे. हे पुस्तक टोल्किन गेल्यानंतर, १९७७ साली, त्यांचा मुलगा ख्रिस्टोफर यानं संपादित करून छापलं. उत्तरेकडे आगीचे लोट सुटले, मॉर्गॉथच्या अँगबँड गडाला एल्फांनी घातलेला वेढा मोडला, एकेक गड पडल्याच्या बातम्या आल्या. फिंगॉल्फिननं कोणाला काही विचारलं नाही. घोड्यावर बसला आणि एकटा थेट अँगबँडच्या दारात गेला. शिंग फुंकलं, दार ठोठावलं आणि मॉर्गॉथला भ्याड म्हणून हाक मारली. मॉर्गॉथला बाहेर यायचं नव्हतं. पण त्याचे सरदार ऐकत होते. त्यांच्यासमोर नाही कसं म्हणणार? आला. डोक्यावर लोखंडी मुकुट, हातात ग्राँड नावाचा घण.

तो घण खाली आला की जमिनीत खड्डा पडे आणि खड्ड्यातून धूर निघे. फिंगॉल्फिन दर वेळी बाजूला उडी मारून निसटे. बर्फासारख्या चमकणाऱ्या रिंगिलनं त्यानं मॉर्गॉथला सात जखमा केल्या. शेवटी दमला. त्याच खड्ड्यांमध्ये अडखळून पडला. मॉर्गॉथनं त्याच्या मानेवर पाय ठेवला, आणि मरता मरता फिंगॉल्फिननं त्या पायावर शेवटचा वार केला. मॉर्गॉथ तेव्हापासून कायमचा लंगडा.

[तलवारीच्या माहितीचा पडदा. सावकाश खाली सरकतो.]

आता हे वाचा. शीत प्रहार: बर्फाची चमक आली. दुष्टांवर जास्त घाव: हेही ठीक. आणि वेग, अधिक दहा. अँगबँडच्या हिशेबात अधिक दहा म्हणजे दुप्पट. समोरच्याची एक खेळी होईस्तोवर आपल्या दोन.

पुस्तकात तलवार कोणाला वेगवान करते असं कुठंही लिहिलेलं नाही. चपळ होता तो फिंगॉल्फिन. गेममध्ये फिंगॉल्फिन नाही, त्याची तलवार तेवढी आहे. म्हणून ज्यानं हा आकडा लिहिला त्यानं माणसाचा गुण पोलादात उतरवला. शब्दाला चिकटून राहिलं तर ही चूक आहे. मला विचाराल तर गेममधल्या वस्तूंचे गुण जिथं लिहिलेत त्या अख्ख्या फाइलमधली ही सगळ्यात चांगली ओळ आहे, कारण ती लिहिणाऱ्यानं ते द्वंद्व नीट वाचलंय.

खात्री हवी असेल तर तळाशी जाऊ.

[शंभरावा मजला. मोठा पी. पडदा हादरतो, भिंतींच्या खुणा विस्कटतात.]

हा मॉर्गॉथ. त्याचा फटका बसला की काय झालं पाहिलंत? भूकंप. भिंती कोसळल्या, मोकळ्या जागी दगड आले. पुस्तकात खड्डे पडतात, इथं मजला विस्कटतो. आणि तो मेलाच, तर मागे दोन गोष्टी पडतात: ग्राँड आणि लोखंडी मुकुट. ग्राँड आपण उचलला तर आपल्याही फटक्यानं भूकंप होतो! मुकुट घातला तर प्रत्येक गुण सव्वाशेनं वाढतो. उपयोग शून्य. मॉर्गॉथ मेला, म्हणजे गेम आपण जिंकलेलोच असतो.

[पुन्हा वरचे मजले. अंधार. मशालीच्या उजेडाचं छोटं वर्तुळ.]

थोडं वर येऊ. अँगबँडमध्ये अंधार हा खरा शत्रू आहे. मशाल विझत जाते, कंदिलाला तेल लागतं. नवखा खेळाडू उजेडाच्या हिशेबातच मरतो. आणि मग कधीतरी ही कुपी हाती लागते. गॅलाड्रियलची कुपी. हिला तेल लागत नाही, ही विझत नाही, उजेडही लांबवर पडतो.

'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मध्ये गॅलाड्रियल ही एल्फ स्त्री ही कुपी फ्रोडोला देते. फ्रोडो हा हॉबिट, म्हणजे ठेंगण्या माणसांच्या जमातीतला. आत एअरेंडिलच्या ताऱ्याचा प्रकाश असतो. बाकी सगळे दिवे मालवले की ही साथ देईल, असं ती सांगते. गेममध्ये हे वाक्य कुठंही छापायची गरज पडत नाही. तेल संपलेल्या कंदिलानं ते खेळाडूला आधीच पटवलेलं असतं.

'स्टिंग' मात्र फसलीय. बिल्बो या हॉबिटाची ही छोटी तलवार ऑर्क नावाचे दुष्ट सैनिक जवळ आले की निळी चमकते. ती धोक्याची सूचना आहे. आम्ही चित्रित केलेल्या जुन्या, तीन पूर्णांक शून्य मालिकेतल्या आवृत्तीत ती सदासर्वदा उजेड देते, ऑर्क असोत नसोत. म्हणजे सूचना गेली, बॅटरी उरली.

[खंजिरांची यादी. एका नावावर चौकट.]

हा खंजीर बघा, वेस्टर्नेसचा. पुस्तकात असे खंजीर चार हॉबिटांना थडग्यांच्या टेकड्यांवर मिळतात. अँगमारच्या राजाशी लढणाऱ्या वेस्टर्नेसच्या माणसांनी ते शेकडो वर्षांपूर्वी घडवलेले. पुढे पेलेनॉरच्या मैदानातल्या लढाईत मेरी हा हॉबिट त्यातलाच एक त्याच राजाच्या गुडघ्यामागे खुपसतो. तो राजा आता नाझगूलांचा, म्हणजे सॉरॉनच्या पिशाच्च झालेल्या चाकरांचा, म्होरक्या आहे. टोल्किन स्पष्ट सांगतात, दुसऱ्या कुठल्याही पात्यानं ती जखम झाली नसती. घाव झाल्यावर पातं जळून जातं.

गेममधले गुण: अदृश्य शत्रू दिसतात आणि अंग जखडलं जात नाही. दोन्ही नेमके. हॉबिट त्या थडग्यात जखडूनच पडले होते, आणि म्होरक्याच्या झग्याआड दिसण्यासारखं शरीर नव्हतं. पण जास्तीचा घाव कोणावर? ऑर्क, ट्रोल आणि महाकाय दैत्यांवर. मरूनही न मेलेल्या पिशाच्चांवर नाहीच. ज्या एका शत्रूसाठी पातं घडवलं, तोच यादीत नाही. इथं फाइल लिहिणाऱ्याला डुलकी लागली असणार.

[अंगठी. नावाखाली लाल अक्षरं.]

आणि ही. सॉरॉनची अंगठी, 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधली. हिच्यासाठी सगळे थांबलेत.

कालक्रम विचारू नका. अँगबँड पहिल्या युगाच्या शेवटी उद्ध्वस्त झालं, ही अंगठी सॉरॉननं दुसऱ्या युगात घडवली. कुरुक्षेत्रावर भवानी तलवार सापडावी तसला हा प्रकार. तेवढं पोटात घालू.

घातली की सगळे गुण वाढतात, वेग वाढतो. आणि ती निघत नाही. कायमचा शाप. कमावलेला अनुभव मात्र खालच्या आकड्यात झिरपत कमी होत जातो. तो आकडा बघत राहा. पुस्तकात बिल्बोला इतकी वर्षं अंगठी बाळगल्यावर नेमकं हेच जाणवतं: आयुष्य लांबलंय, पण पातळ झालंय. अंगठी वापरायला गेलं तर गेम एवढंच सांगतो की 'विचित्र गोष्टी' घडतील. कधी समोरचे शत्रू भाजून निघतात, कधी आपल्याभोवती काळी छाया दाटते आणि सगळेच गुण घसरतात. कधी काय होईल याचा भरवसा नाही.

गंमत म्हणजे अंगठीचं सगळ्यांना ठाऊक असलेलं काम, घालणाऱ्याला अदृश्य करणं, ते इथं होतच नाही. आणि ती नष्टही करता येत नाही, कारण अँगबँडमधली कुठलीच नामांकित वस्तू नष्ट होत नाही. तरीही ही अंगठी मला खरी वाटते. हातात घ्यायची की नाही, यावर खेळाडू पाच मिनिटं थबकतो. सुंदर चित्रं असलेल्या किती गेममध्ये असं थबकावं लागतं?

[रंग. संगीत. मोरियाचे उंच खांब, खालून वर जाणारा कॅमेरा.]

आता चित्रं. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज ऑनलाइन', टर्बाइन कंपनीचा, एप्रिल २००७. हे मोरियाचं, म्हणजे टोल्किनच्या कथांमधल्या बुटक्यांच्या भूमिगत नगरीचं, एकविसावं दालन. मोरिया इथं नोव्हेंबर २००८ मध्ये उघडलं. थोडा वेळ नुसतं पाहा.

[निवेदन नाही. वीस सेकंद.]

या गेमनं एक गोष्ट फार विचारपूर्वक केलीय. इथं खेळाडूचा जीव मोजत नाहीत, धीर मोजतात. धीर संपला की माणूस मरत नाही, माघार घेतो. गवयाच्या गाण्यानं धीर परत येतो. टोल्किनच्या जगात मेलेले उठून दर पाच मिनिटांनी लढत नाहीत, म्हणून काढलेली ही वाट. नाझगूल जवळ आला की भीती वाढते आणि धीराची कमाल मर्यादाच खाली येते. हे वाचून केलेलं काम आहे.

मग शस्त्रांचं काय झालं? मोरियाबरोबर 'लेजंडरी' शस्त्रं आली. तेव्हा वापरली की ती वाढत, दर दहा पातळ्यांनी लोहाराकडे न्यावी लागत, त्यात अवशेष बसवावे लागत. पुस्तकात नार्सिल या मोडलेल्या तलवारीचे तुकडे पुन्हा घडवून अँडुरिल ही तलवार झाली, त्याचीच ही सावली. पण अँडुरिल एक होती. इथं प्रत्येकाकडे दंतकथा, आणि नकोशी झाली की मोडून तिचे अवशेष काढले जात. मोडीतली दंतकथा.

[दुकानाचा पडदा. नाणी.]

आणि हे मिथ्रिल, टोल्किनच्या जगातला मौल्यवान धातू. 'हॉबिट'च्या १९३७ च्या पहिल्या आवृत्तीत बिल्बोच्या चिलखताला हे नावही नव्हतं, १९६६ च्या सुधारित आवृत्तीत ते आलं. जादूगार गॅन्डाल्फच्या मते त्या एका चिलखताची किंमत हॉबिटांच्या अख्ख्या शायर मुलखाहून जास्त. या खेळाच्या दुकानात मिथ्रिलची नाणी मिळतात. प्रवासाचा वेळ वाचवायला.

रिंगिल या खेळात का नाही, हे काही जण विचारतील. परवाना 'हॉबिट' आणि 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा आहे, 'सिल्मॅरिलियन'चा नाही. फिंगॉल्फिनची सगळी गोष्ट कुंपणापलीकडे राहते.

[शॅडो ऑफ वॉर. अंगठी घडवतानाचं दृश्य.]

'शॅडो ऑफ वॉर', टोल्किनच्या जगातला आणखी एक गेम, ऑक्टोबर २०१७. केलेब्रिंबोर हा अंगठ्या घडवणारा एल्फ स्वतःच नवी अंगठी घडवतो. पुस्तकात ती नाही. पैसे मोजून पेट्या उघडायच्या आणि ऑर्क मिळवायचे, अशी सोयही होती. ओरड झाली, जुलै २०१८ मध्ये ती काढली.

[पुन्हा काळा पडदा. साध्या मजकुराची फाइल, ओळी वर सरकतात.]

अँगबँडमध्ये खऱ्या पैशांचं दुकान नाही. आहे ती ही फाइल. नाव, वजन, गुण, शाप, आणि खाली दोनचार ओळींचं वर्णन. तीन दशकं एकामागून एक स्वयंसेवकांनी ती सांभाळलीय. २०१९ मध्ये चार पूर्णांक दोन ही आवृत्ती आली, तेव्हा टोल्किनच्या जगात न बसणारे, दुसऱ्या खेळांतून आलेले कितीतरी राक्षस त्यांनी बाहेर काढले आणि पुस्तकातले आणले. जुने खेळाडू चिडले. काहींचे लाडके राक्षस गेले होते. ती आवृत्ती फुकट आहे, फाइल कुठल्याही साध्या एडिटरमध्ये उघडते. वेस्टर्नेसच्या खंजिराची ओळ दुरुस्त करायची असेल, तर करून बघा.

[श्रेयनामावली.]