अर्धं भांडण

[दृश्य १ : अंधारा पॅसेज. बंद दाराखाली उजेडाची रेघ. आतून दोन आवाज.]

शब्द लागत नाहीत. तरी ही पंधरा वर्षांची मुलगी नुसत्या सुरावरून सांगते, आज विषय पैशांचा आहे. चेहरा दाखवायचा नाही, हे तिच्याशी आधीच ठरलंय, म्हणून कॅमेरा तिच्या हातांवर. बाबा चित्रीकरणाला तयार नव्हते. ते या फिल्ममध्ये फक्त दाराआडून ऐकू येतात.

[दृश्य २ : पुस्तकाच्या पानाचा कोपरा. बोटं तो दुमडतात, सोडतात. कॅमेरा हेडफोनच्या वायरवरून खाली सरकतो. टोक लोंबतंय.]

कानांवर हेडफोन आहे. वायर कशालाच जोडलेली नाही.

[दृश्य ३ : बेसिन. आई पाठमोरी.]

नळ पूर्ण सोडलाय. घासायला भांडं एकही नाही.

रडण्याचा आवाज झाकायला आईला नळ सापडला, ऐकू येतंय हे लपवायला लेकीला हेडफोन. राग गिळायचा कसा, काढायचा कुणावर, हे मुलं घरातल्या मोठ्यांकडून उचलतात, तेही बहुधा मोठ्यांचं लक्ष नसताना. आणि कान फार लवकर तयार होतो. अमेरिकेतल्या ओरेगॉन विद्यापीठातल्या संशोधकांनी ६ ते १२ महिन्यांच्या बाळांना, ती झोपेत असताना, वेगवेगळ्या सुरांतली निरर्थक वाक्यं ऐकवली आणि एमआरआयवर त्यांचा मेंदू पाहिला. ज्या घरांत आईबापांचे खटके जास्त, तिथल्या बाळांच्या मेंदूत रागाच्या सुरावर जास्त हालचाल दिसली. हा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला.

[दृश्य ४ : प्रयोगाची पुनर्रचना. टीव्हीच्या पडद्यावर दोन कलाकार भांडतायत. समोर रिकामी खुर्ची.]

मग काय, भांडायचंच नाही? याचं उत्तर शोधायला मानसशास्त्रज्ञ मार्क कमिंग्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांना मोठ्या माणसांच्या भांडणाच्या चित्रफिती दाखवल्या. भांडणांचे शेवट मुद्दाम वेगवेगळे ठेवले होते. कुठे विषय तसाच लोंबकळत राहिला, कुठे अबोला धरला गेला, कुठे दोघांनी तडजोड केली. अबोला पाहूनही मुलं अस्वस्थ झाली. ‘आम्ही मुलांसमोर आवाज चढवत नाही’ असं अभिमानाने सांगणाऱ्या घरांनी हे जरूर ऐकावं. भांडण मिटलेलं दिसलं तिथे मात्र मुलांचा त्रास बराच उतरला. समेट डोळ्यांसमोर झालाच पाहिजे असंही नाही; तो झाल्याचं नंतर कुणी सांगितलं, तरी फरक पडत होता.

१९९४ मध्ये पॅट्रिक डेव्हिस आणि कमिंग्ज यांनी यामागचं सूत्र मांडलं, भावनिक सुरक्षिततेचं. कोण बरोबर, कोण चूक, हा मुलांचा प्रश्न नसतोच. हे घर टिकणार ना, एवढंच त्यांना हवं असतं. उत्तर मिळालं नाही की मूल स्वतः कामाला लागतं. मध्यस्थी करतं, निरोप पोचवतं, एकाची बाजू धरतं, नाहीतर खोलीत जाऊन बसतं.

त्यात किशोरवयात भावनांना लगाम घालणारा मेंदूचा पुढचा भाग अजून घडत असतो, पंचविशीच्या आसपासपर्यंत. ताण वर्षानुवर्षं राहिला तर झोप, अभ्यास, मैत्री, सगळ्यालाच झळ लागते. चिंता आणि नैराश्याचा धोकाही वाढतो.

(मारहाण किंवा धमक्या असतील, तिथे हा हिशोब लागू नाही. तिथे आधी सुरक्षित होणं.)

[दृश्य ५ : पुन्हा पॅसेज. रेघ तशीच. आवाज खाली आलेले.]

आपल्या घरांत भांडण दाराबाहेर ऐकू जातं आणि समेट दाराआड होतो. मुलांच्या वाट्याला पहिला अर्धाच भाग येतो. आत्ता आत काय चाललंय, ते आम्हालाही चित्रित करता आलं नाही.

[दृश्य ६ : मुलीची खोली. दारात आई.]

आई : मघाशी माझा आवाज फार चढला. बाबांशी बोलले मी. मिटलंय आमचं.

मुलगी : हं.

[आई जायला वळते.]

मुलगी : पैशांचं काय ठरलं पण?

[आई थांबते. खुर्ची ओढून बसते. मुलीचे हात हेडफोन काढून टेबलावर ठेवतात. निवेदन नाही.]