गुरुवारी वाजणारी पिशवी

नमस्कार मंडळी. मी मुंबईतल्या एका विद्यापीठाच्या लायब्ररीत काम करते. असं सांगितलं की लोक लगेच विचारतात, म्हणजे राजाबाई टॉवरमध्ये का? नाही हो, मी तिथे नाही. पण निदान तुम्हाला माहीत तरी आहे की त्या टॉवरखाली लायब्ररी आहे, कारण समोर ओव्हल मैदानावर उभे राहून सेल्फी काढणाऱ्या निम्म्या लोकांना वाटतं ते नुसतंच घड्याळ आहे. व्यापारी प्रेमचंद रायचंद यांनी १८६० च्या दशकात दोन लाख रुपये दिले, टॉवरला आईचं नाव द्या म्हणाले, १८७८ मध्ये काम पूर्ण झालं, आणि ज्याने नकाशा काढला तो गिल्बर्ट स्कॉट मुंबईत कधी आलाच नाही, लंडनमध्ये बसून काढला. आजकालचे काही आर्किटेक्टही साइटवर येत नाहीत, पण त्यांचं काम असं टिकेल का, जाऊ दे.

तर विषय असा की गेल्या वर्षभरात आमच्या लायब्ररीत काय काय बदललं ते दहा मिनिटांत सांगायचंय. मला खरं तर मामांच्या पिशवीची गोष्ट सांगायचीय, म्हणून कामाचं आधी उरकते.

पहिलं म्हणजे कॅटलॉग बदलला. आता आमच्याकडे कोहा नावाचं सॉफ्टवेअर आहे. ते फुकट मिळतं, न्यूझीलंडमधल्या एका छोट्या भागातल्या लायब्ररीने स्वतःसाठी करून घेतलं आणि २००० साली सगळ्या जगाला वापरायला देऊन टाकलं. तिथल्या माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. आमच्या दृष्टीने मोठी गोष्ट ही की मराठी पुस्तक आता मराठीत टाइप करून सापडतं. परत सांगते, मराठी पुस्तक मराठीत टाइप करून सापडतं. हसू नका, आधी सगळी मराठी नावं इंग्रजी अक्षरांत भरलेली होती, ज्याने ज्या दिवशी भरली त्याच्या मूडप्रमाणे, त्यामुळे एकच चव्हाण आमच्या कॉम्प्युटरमध्ये चार वेगवेगळी माणसं होती आणि चौघांची पुस्तकं वेगवेगळी. ती सगळी नावं एकत्र करायला आमचा अख्खा उन्हाळा गेला.

दुसरं, वन नेशन वन सबस्क्रिप्शन. केंद्र सरकारची योजना आहे, १ जानेवारी २०२५ पासून सुरू झाली, ३० प्रकाशकांची जवळजवळ १३,००० जर्नल्स, म्हणजे संशोधनाची नियतकालिकं, सरकारी विद्यापीठांना आणि कॉलेजांना एकाच करारात मिळतात, तीन वर्षांचे ६,००० कोटी रुपये केंद्र भरतंय. याआधी बजेटच्या महिन्यात आमच्याकडे काय व्हायचं, तर यंदा कुठलं जर्नल बंद करायचं यावर मीटिंग, केमिस्ट्रीवाले म्हणणार इकॉनॉमिक्सचं कापा, इकॉनॉमिक्सवाले चहाला हात न लावता निघून जाणार. तुमची मुलगी सरकारी कॉलेजात असेल तर तिला आज घरी विचारा, तू १३,००० जर्नल्समधलं एक तरी उघडलंस का. मुलं अजून कोणीतरी व्हॉट्सॲपवर टाकलेल्या नोट्सच्या पीडीएफवर परीक्षा देतात, त्या पीडीएफमध्ये पान ११ उलटं असतं, ते दहा बॅचेस उलटंच वाचतायत.

तिसरं, जुने पीएचडी प्रबंध स्कॅन करून शोधगंगावर चढवतोय. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या संस्थेचा हा साठा आहे, देशभरातले प्रबंध तिथे घरबसल्या फुकट वाचता येतात. त्यामुळे कोणी कोणाचं उचललंय तेही दिसतं, पण मी नावं घेणार नाही. आणि चौथं, दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी एक कोपरा केला, तिथल्या कॉम्प्युटरवर एनव्हीडीए आहे, स्क्रीनवरचं मोठ्याने वाचून दाखवणारं, तेही फुकटच. मराठी वाचताना जोडाक्षरांवर अडखळतं, पण अडखळत का होईना वाचतं.

झालं. आता पिशवी.

पुस्तकांना आरएफआयडी टॅग लावायचं काम पावसाळ्यात निघालं. टॅग म्हणजे कागदी स्टिकरच, आत एक बारीक चिप आणि धातूची तार गोल गोल फिरवलेली, बॅटरी वगैरे काही नाही, दारातल्या गेटमधून लहरी येतात त्याच्यावरच ते जागं होतं. पुस्तक इश्यू न करता बाहेर नेलं की गेट ओरडतं. प्रत्येक पुस्तकाच्या मलपृष्ठाच्या आतल्या बाजूला एक टॅग, काँट्रॅक्टरची चार मुलं सकाळपासून हेच करत बसलेली, आणि त्यांना शेल्फवरून पुस्तकं आणून द्यायला आमचे मामा.

मामा म्हणजे आमचे अटेंडंट. डोंबिवलीहून येतात, बत्तीस वर्षं झाली, गेट सुरू व्हायच्या आधी, झाडूवाल्या बाईंच्याही आधी हजर. त्यांच्याकडे एक काळ्या रेक्झिनची पिशवी आहे, चेन तुटलेली, सेफ्टी पिन लावलेली, त्यात स्टीलचा तीन खणांचा डबा.

तर गेट बसलं, उद्घाटन झालं, नारळ फुटला आणि पहिल्याच गुरुवारी संध्याकाळी मामा घरी निघाले आणि गेट वाजलं. सिक्युरिटीवाल्याने थांबवलं. पिशवीत केळी, प्लास्टिकच्या डबीत राजगिऱ्याचे लाडू, छत्री, पेपर. पुस्तक काही नाही. जा म्हणाला. शुक्रवारी वाजलं नाही. सोमवार, मंगळवार, बुधवार, काही नाही. पुढच्या गुरुवारी परत वाजलं. परत पिशवी रिकामी केली, या वेळेला मुलं बघत उभी होती, आणि एकजण हसला.

मी कंपनीला फोन केला, माणूस आला मंगळवारी. गेटमधून दहा वेळा पुस्तकं नेली आणली, मामांनाही पिशवीसकट दोनदा चालवलं, काही वाजलं नाही. ऑल ओके लिहून सही घेऊन गेला. मशीन दुरुस्त करणारा माणूस समोर आला की मशीन शहाणं होतं, आमच्या घरच्या मिक्सरचंही हेच आहे.

तिसऱ्या गुरुवारी मामा साडेपाचला निघालेच नाहीत. सहा वाजले, सव्वासहा झाले, त्यांची पाच बेचाळीसची लोकल कधीच गेली होती, मी विचारलं मामा काय झालं, तर म्हणाले, मॅडम, मुलं जाऊ देत सगळी, मग निघतो. आणि मग खाली बघून म्हणाले, बत्तीस वर्षांत एक पेन्सिल घरी नेली नाही हो.

मला काय बोलावं सुचेना.

आता याच दिवसांत दुसरं एक प्रकरण सुरू होतं, त्याचा याच्याशी संबंध असेल असं कोणाच्या डोक्यातही नव्हतं. एक पीएचडीची मुलगी, लालबागची, तिला गिरणी कामगारांच्या चाळींवरचा एक जुना अहवाल हवा होता. कोहा म्हणतंय उपलब्ध. शेल्फवर नाही. आमचा पोरगा हातातलं नवीन स्कॅनर घेऊन सगळ्या शेल्फवरून फिरला, ते जवळ नेलं की हवं ते पुस्तक असेल तिथे टीट करतं, कुठे टीट नाही. ती मुलगी पाच वेळा आली. आपल्याकडच्या ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयाचे पाच नियम लिहिले त्यातला चौथाच आहे, वाचकाचा वेळ वाचवा. १२ ऑगस्टला, ग्रंथपाल दिनाला, त्यांच्या फोटोला हार घालताना ती मुलगी समोरच उभी होती, सहाव्यांदा, आणि मी हार नीट करायच्या निमित्ताने तिकडे पाठ केली.

शेवटी कोडं सोडवलं सिक्युरिटीवाल्याने. म्हणाला, मॅडम, ये सिर्फ गुरुवार को बजता है. मी म्हटलं, गुरुवारी काय वेगळं असतं? मामा बाजूलाच होते, म्हणाले, गुरुवारी उपास असतो माझा.

उपास म्हणजे डबा नाही! मंडळी, त्या क्षणी माझी ट्यूब पेटली, कारण ट्रेनिंगमध्ये एकच वाक्य मी वहीत लिहून घेतलं होतं की टॅग लोखंडी रॅकला चिकटवू नका, धातूला लागला की टॅग मुका होतो. मी ती पिशवी टेबलावर पूर्ण उलटी केली, अस्तर बाहेर काढलं, आणि तळाला, अगदी कोपऱ्यात, चिकटलेला, वर राजगिऱ्याचे दाणे लागलेले, टॅग. रोज त्याच्यावर स्टीलचा डबा बसायचा आणि त्याचं तोंड बंद व्हायचं. गुरुवारी डबा नाही, केळी आणि प्लास्टिक, की हा मोकळा. आणि कंपनीचा माणूस आला मंगळवारी!

टॅग रीडरवर ठेवला. स्क्रीनवर नाव आलं, गिरणी कामगारांच्या चाळींचा अहवाल. उपलब्ध.

म्हणजे पावसाळी दमट हवा, जुनी कापडी बांधणी, आत डांबरगोळीची पूड, त्याच्यावर काही गोंद धरेना, टॅग निसटला आणि टेबलाखाली मामांची पिशवी उघडी होती त्यात पडला. कॉम्प्युटरच्या हिशोबाने तो अहवाल रोज डोंबिवलीला अपडाउन करत होता.

पण मग खरं पुस्तक कुठे? टॅग नाही म्हणजे स्कॅनरला ते दिसणारच नाही. मामांनी स्क्रीनवरचं नाव वाचलं आणि म्हणाले, हे होय, लाल बांधणीचं, उंच आहे ते, उभं मावत नाही, मागच्या रॅकला सगळ्यात खाली आडवं ठेवतो मी. गेले आणि घेऊन आले. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. मी म्हटलं, मामा, ती मुलगी सहा वेळा आली, बोलला का नाहीत? म्हणाले, मला कोणी विचारलंच नाही, सगळे मशीनलाच विचारत होते.

त्या मुलीला मी स्वतः फोन केला. मामांनी अहवालाची धूळ झटकली, आमच्या बाइंडरने आत नवीन कागद लावून टॅग खळीने पक्का बसवला. आणि सिक्युरिटीवाला आता दर गुरुवारी मामांना विचारतो, आज कौनसा किताब? मामाही सांगतात, कधी भूगोल, कधी पाकशास्त्र.

समोर काचेपलीकडून हात हलतोय, वेळ झाली. तर लायब्ररी सकाळी आठला उघडते, ओळखपत्र आणा, ओली छत्री बाहेर ठेवा, आणि ते स्टीलच्या डब्याचं जे मी आत्ता सांगितलं ते... अहो, ते रेडिओवर सांगायचं नव्हतं.