पस्तिशीचा नियम आणि उड्डाणाच्या तासांचा हिशेब

मुंबईत नरिमन पॉइंटला उभी असलेली एक उंच इमारत 1974 पासून एअर इंडियाची इमारत म्हणून ओळखली जाते. कंपनीचे मुख्यालय 2013 मध्ये दिल्लीला हलले आणि 2022 मध्ये कंपनी पुन्हा टाटा समूहाकडे गेली. तरीही विमानात काम करणाऱ्या भारतीय कर्मचाऱ्यांच्या हक्कांची हकिगत मुंबईपासूनच सांगावी लागते, कारण कंपनीचा कारभार त्या काळी याच शहरातून चालत असे आणि त्या कारभारातील सर्वांत अन्याय्य नियमांना आव्हान देणारी याचिकाही मुंबई उच्च न्यायालयातच दाखल झाली होती.

हे नियम एअर इंडियाच्या सेवा विनियमांत, सेहेचाळिसाव्या विनियमात लिहिलेले होते. वयाची 35 वर्षे पूर्ण झाली, नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केले किंवा पहिल्यांदा दिवस गेले, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा हवाई सुंदरीची नोकरी संपत असे. त्याच विमानात, त्याच प्रवाशांना जेवण देणारा आणि संकटकाळी तेच दरवाजे उघडण्याची जबाबदारी असणारा पुरुष सहकारी, म्हणजे सहायक फ्लाइट पर्सर, मात्र 58 व्या वर्षापर्यंत नोकरीत राहू शकत होता. पस्तिशीनंतर स्त्रियांना मुदतवाढ मिळण्याची सोय होती, पण ती एकेका वर्षाने आणि जास्तीत जास्त दहा वर्षे. वैद्यकीय तपासणीत पात्र ठरलेल्या स्त्रीलाही ती द्यायची की नाकारायची, हे व्यवस्थापकीय संचालकांच्या मर्जीवर सोडलेले होते आणि ही मर्जी कोणत्या कसोटीवर चालावी, याबद्दल विनियमांत चकार शब्द नव्हता.

कर्मचारी संघटनांनी हा प्रश्न औद्योगिक न्यायाधिकरणांपुढे आधीच नेला होता. न्यायमूर्ती खोसला यांच्या 1965 च्या निवाड्यात व्यवस्थापनाची बाजू नोंदलेली आहे, आणि ती आज वाचतानाही मन विषण्ण होते. नाना स्वभावांच्या प्रवाशांना सांभाळताना अवघड प्रसंगातून मार्ग काढणे तरुण आणि आकर्षक हवाई सुंदरीला अधिक चांगले जमते, असे व्यवस्थापनाचे म्हणणे होते. पुढे 1972 मध्ये न्यायमूर्ती महेश यांचा निवाडा आला, पण पुरुष सहकाऱ्यांशी बरोबरी त्यानेही पदरात पडली नाही.

याच नियमांना आव्हान देणाऱ्या हवाई सुंदरी नर्गेश मिर्झा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयाकडे वर्ग झाले आणि 28 ऑगस्ट 1981 रोजी न्यायमूर्ती मुर्तझा फझल अली यांच्या खंडपीठाने निकाल दिला. गर्भवती झाल्याबद्दल नोकरी काढून घेणे हा भारतीय स्त्रीत्वाचा उघड अपमान आहे, अशा कठोर शब्दांत न्यायालयाने ते कलम रद्द केले. मुदतवाढीचा निरंकुश अधिकारही घटनाबाह्य ठरला. या दोन गोष्टींसाठी हा निकाल आजही अभ्यासला जातो, आणि ते योग्यच आहे.

परंतु त्याच निकालाने चार वर्षांची लग्नबंदी वैध ठरवली. तिच्यामुळे कर्मचारी स्त्रीचे आरोग्य सुधारते आणि कुटुंबनियोजनाच्या कार्यक्रमाला हातभार लागतो, असे कारण न्यायालयाने दिले. पस्तिशीची अटही मूळ रूपात टिकली, कारण हवाई सुंदरी आणि फ्लाइट पर्सर हे दोन वेगळे संवर्ग आहेत, त्यांची भरती आणि बढती वेगळ्या वाटांनी होते, म्हणून त्यांची तुलनाच करता येत नाही, हा युक्तिवाद मान्य झाला. कंपनीने स्वतः पाडलेली विभागणीच कंपनीच्या भेदभावाचे समर्थन ठरावी, यासारखी खेदाची गोष्ट नाही.

पुढच्या तीस वर्षांत हे नियम एकेक करून ढासळले. सरकारच्या 1989 च्या निर्देशाने स्त्रियांच्या निवृत्तीचे वय 58 झाले, पण विमानात काम करण्याची मुदत आधी 45 आणि मग 50 वर्षांपर्यंतच राहिली. त्यानंतर त्यांना जमिनीवरचे काम दिले जाई. येथे प्रश्न केवळ प्रतिष्ठेचा नव्हता. विमानात जाणाऱ्याला उड्डाणाचे भत्ते मिळतात आणि जमिनीवर बसणाऱ्याला ते मिळत नाहीत, त्यामुळे नोकरी टिकूनही मिळकत घटत होती. काही ज्येष्ठ हवाई सुंदरींनी याविरुद्ध दाद मागितली आणि 2001 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला. त्या निकालाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलेल्यांत एअर इंडिया केबिन क्रू असोसिएशन, म्हणजे कर्मचाऱ्यांचीच मोठी संघटना, होती. जुलै 2003 मध्ये तिचे म्हणणे मान्य झाले. पन्नाशीनंतर जमिनीवरचे काम ही स्त्रियांना मिळालेली सवलत आहे, असे संघटना मानत होती. हा प्रसंग संघटनांच्या इतिहासातून वगळू नये, कारण बहुमताने झालेला समझोता प्रत्येक सभासदाला न्याय देतोच असे नाही. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात सरकारने स्त्रियांनाही 58 व्या वर्षापर्यंत विमानात काम करण्याची मुभा दिली. डिसेंबर 2005 मध्ये इनफ्लाइट सुपरवायझरचे, म्हणजे उड्डाणातील कर्मचाऱ्यांच्या प्रमुखाचे, पद स्त्रियांसाठी खुले झाले, त्याला पुरुष सहकाऱ्यांनी न्यायालयात विरोध केला, आणि तो विरोध नोव्हेंबर 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायमचा फेटाळला.

वय आणि दिसणे यांवर एवढी शक्ती खर्च होत असताना हे काम प्रत्यक्षात काय आहे, याची चर्चा फारशी झाली नाही. केबिन क्रूच्या, म्हणजे विमानात प्रवाशांची काळजी घेणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या, कामाची सुरुवात प्रवासी येण्याच्या बरीच आधी होते. पहाटे सहाच्या उड्डाणासाठी पिकअपची गाडी मध्यरात्रीनंतर दारात उभी राहते. ब्रीफिंग होते, त्यात त्या दिवशी आणीबाणीत कोणी कोणता दरवाजा सांभाळायचा हे पक्के केले जाते. विमानात शिरल्यावर प्रत्येक जण आपल्या भागातील ऑक्सिजनच्या बाटलीचा दाब पाहतो, अग्निशामक नळकांडे, प्रथमोपचाराची पेटी आणि लाइफ जॅकेट जागेवर आहेत याची खात्री करतो, गॅलीतील, म्हणजे विमानाच्या स्वयंपाकघरातील, प्रत्येक खण बंद असल्याचे हाताने चाचपून पाहतो. मग प्रवासी येतात, डोक्यावरच्या कप्प्यांत न मावणारे सामान येते, रडणारी मुले येतात. शेवटी दरवाजे बंद होतात आणि आणीबाणीत बाहेर पडण्याची घसरगुंडी दरवाजाला जोडून समोरचा सहकारी ती तपासतो. या साऱ्या तयारीमागचे गणित साधे आहे: विमानाला मान्यता मिळताना निम्मे दरवाजे बंद ठेवूनही सर्व प्रवासी 90 सेकंदांत बाहेर पडू शकतात, हे सिद्ध करावे लागते, आणि प्रत्यक्ष संकटात ते घडवून आणण्याची जबाबदारी केबिन क्रूची असते. 5 सप्टेंबर 1986 रोजी मुंबईहून निघालेल्या पॅन ॲमच्या विमानाचा कराची विमानतळावर दहशतवाद्यांनी ताबा घेतला, तेव्हा प्रवाशांना वाचवताना प्राण देणाऱ्या नीरजा भनोत अवघ्या 22 वर्षांच्या होत्या. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र देण्यात आले.

असे हे काम असताना त्याचा मोबदला कसा मोजला जातो, ते पाहिले पाहिजे. अनेक विमान कंपन्यांत केबिन क्रूच्या पगाराचे दोन भाग असतात. मूळ पगार ठरलेला असतो आणि त्यावर उड्डाणाच्या तासांनुसार मिळणारा भत्ता असतो. तास मोजायला सुरुवात होते ती विमान जागेवरून हलल्यावर, आणि मोजणी थांबते ते विमान पुन्हा उभे राहिल्यावर. ब्रीफिंग, तपासणी, प्रवाशांना बसवणे, धुक्यामुळे थांबलेल्या विमानात बसून संतापलेल्या माणसांना उत्तरे देणे, हे सगळे या हिशेबाच्या बाहेर राहू शकते. मुंबई–नागपूरसारख्या छोट्या फेऱ्या करणाऱ्याच्या दिवसात तर हा बिनहिशेबी वेळ मोठा असतो. आजारपण आले, गरोदरपण आले किंवा रोस्टरवर, म्हणजे कामाच्या वेळापत्रकात, स्टँडबाय म्हणून नुसते राखीव थांबणेच जास्त लागले, की भत्ता आटतो; घराचा हप्ता मात्र आटत नाही.

नोकरीची शाश्वती किती कमी आहे, हे मुंबईने ऑक्टोबर 2008 मध्ये उघड्या डोळ्यांनी पाहिले. जेट एअरवेजने शेकडो कर्मचाऱ्यांना, त्यांत बहुसंख्य केबिन क्रू, अचानक कामावरून काढले. गणवेशातील तरुण मुले-मुली रस्त्यावर उतरली, राज ठाकरे यांना जाऊन भेटली, आणि दोन दिवसांत कंपनीने निर्णय मागे घेतला. मागे संघटनेचे बळ नसलेल्या कर्मचाऱ्यांना राजकीय नेत्याचे दार ठोठवावे लागले, याकडे तेव्हा फार कमी लोकांनी गांभीर्याने पाहिले. 17 एप्रिल 2019 रोजी जेटची विमाने थांबली, तेव्हा थकलेल्या पगारासाठी कोणाचेही दार पुरेसे ठरले नाही.

संपाचे हत्यारही सहज उपसता येत नाही. औद्योगिक विवाद कायदा, 1947 ने हवाई वाहतुकीला सार्वजनिक उपयुक्तता सेवा मानले. त्यामुळे पूर्वसूचनेवाचून किंवा सलोख्याची बोलणी चालू असताना केलेला संप बेकायदा ठरत आला. मे 2024 मध्ये एअर इंडिया एक्स्प्रेसच्या केबिन क्रूपैकी अनेकांनी एकाच वेळी आजारपणाची रजा टाकली आणि कंपनीला बरीच उड्डाणे रद्द करावी लागली. दुसऱ्या विमान कंपनीशी होत असलेल्या विलीनीकरणाच्या काळात बदललेल्या वेतनरचनेबद्दल आणि असमान वागणुकीबद्दल त्यांची तक्रार होती. कंपनीने 25 जणांना बडतर्फ केले. 9 मे रोजी दिल्लीत मुख्य कामगार आयुक्तांच्या कार्यालयात बैठक झाली, बडतर्फी मागे घेण्याचे ठरले आणि कर्मचारी कामावर परतले. प्रवाशांचे हाल झाले हे खरेच आहे. परंतु तक्रारी महिनोन्महिने पडून राहिल्या नसत्या, तर ती वेळ आलीच नसती, असे माझे स्पष्ट मत आहे.

जमिनीवरच्या बिनपगारी कामाचा प्रश्न जगभर पेटला आहे. ऑगस्ट 2025 मध्ये एअर कॅनडाच्या दहा हजारांहून अधिक केबिन क्रूने याच मागणीसाठी संप केला, सरकारने कामावर परतण्याचा आदेश काढला, संघटनेने तो जुमानला नाही, आणि चौथ्या दिवशी तडजोडीचा मसुदा तयार झाला. जमिनीवरच्या वेळेचा मोबदला त्यात मान्य झाला. पगारवाढीचा भाग मात्र सभासदांनी मतदानात प्रचंड बहुमताने नाकारला.

भारतात याच प्रश्नाचे एक दार 2019 च्या वेतन संहितेत आहे. काही ठरावीक भत्त्यांची बेरीज एकूण मोबदल्याच्या निम्म्यापेक्षा जास्त झाली, तर वरची रक्कम वेतनातच धरावी, असे ती संहिता सांगते, आणि वेतन वाढले की भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटीचा पायाही वाढतो. उड्डाणाचा भत्ता या हिशेबात पूर्ण धरला जावा आणि ब्रीफिंगच्या खोलीत पाऊल टाकल्यापासूनचा प्रत्येक तास पगारपत्रकावर दिसावा, या दोन मागण्या संघटनांनी करारनाम्यात कलमे म्हणून लिहून घेतल्या पाहिजेत, आणि त्यांच्या वाटाघाटींना बसणाऱ्यांत रोज उड्डाण करणाऱ्या स्त्रियाही असल्या पाहिजेत.