एकच बाजू माहीत असते तेव्हा

मंडळी, काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजू ठाऊक असल्या की तिसरी काढायला पायथागोरसचे प्रमेय पुरते. आधी काटकोनासमोरच्या बाजूवर बोट ठेवा; तो कर्ण. कर्ण हवा असेल तर वर्गांची बेरीज, कर्ण दिलेला असेल तर वजाबाकी. आकृती तिरकी काढली की मुले इथेच फसतात. उत्तर कर्णापेक्षा मोठे आले, तर वजाबाकीच्या जागी बेरीज झाली आहे. दुसरी नेहमीची चूक वर्गमुळाची: 5 आणि 12 या बाजूंचा कर्ण 17 नव्हे. 25 आणि 144 आधी मिळवायचे, मग 169 चे वर्गमूळ 13.

मला आज बोलायचे आहे ते याच्या पुढच्या गणिताबद्दल. एकच बाजू माहीत आहे, आणि उरलेल्या दोघींची नुसती बेरीज किंवा नुसता फरक. भास्कराचार्यांच्या 1150 च्या ‘लीलावती’त अशी सुरेख उदाहरणे आहेत. 32 हात उंच वेळू वाऱ्याने मोडतो आणि त्याचा शेंडा बुंध्यापासून 16 हातांवर जमिनीला टेकतो. मोडला कुठे?

उभा राहिलेला भाग ही कोटी, तिरपा पडलेला भाग हा कर्ण, जमिनीवरचे अंतर हा भुज. कोटी आणि कर्ण मिळून 32. कर्णाच्या वर्गातून कोटीचा वर्ग वजा केला की भुजाचा वर्ग, म्हणजे 256 उरतो. पण वर्गांची वजाबाकी म्हणजे बेरीज गुणिले फरक. म्हणून 256 ला 32 ने भागा: फरक 8. आता 32 मधून 8 वजा करून निम्मे केले की कोटी 12, कर्ण 20. पडताळा घ्याच: 144 अधिक 256 बरोबर 400. वर्गसमीकरण मांडायची गरजच पडली नाही, हे मला फार मोलाचे वाटते.

फरक दिला असेल तर हीच वाट उलटी चालायची. शाळेच्या मैदानावर करून पाहा. खांबाच्या टोकाला बांधलेली दोरी सरळ सोडली तर 1 मीटर जमिनीवर लोळते. ताणून धरली तर तिचे टोक खांबापासून 5 मीटरवर टेकते. 25 भागिले 1, म्हणजे बेरीज 25. त्यातून 1 वजा करून निम्मे: खांब 12 मीटर, दोरी 13.

मात्र लोळणारा तुकडा जपून मोजा. तो 1 ऐवजी 1.1 मीटर मोजला, तर उंची सुमारे 10.8 येते, दहा सेंटिमीटरच्या चुकीने सव्वा मीटरच्या आसपास घट. तीच चूक 5 मीटरच्या अंतरात झाली, 5.1 धरले, तर उंची 12.5 येते. भाजक लहान आहे म्हणून असे होते. तेव्हा दोरी फार सैल ओढू नका, आणि तो तुकडा दोनदा मोजून मगच भागाकाराला बसा.