दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को: दोरा आणि वारा

मंडळी, हा पृथ्वीगोल आमच्या शाळेतला. दक्षिण ध्रुवाला पोचा आलाय, पण आज आपलं काम वरच्या अर्ध्यातच आहे. आणि हा गजऱ्याचा दोरा. एक टोक दिल्लीवर, दुसरं सॅन फ्रान्सिस्कोवर धरून ताणतो. बघा, दोरा कुठून चाललाय? थेट वर, सायबेरिया ओलांडून उत्तर महासागरातून. सपाट नकाशा बघून हे कधी पटायचं नाही. हे अंतर सुमारे 12,400 किलोमीटर. ताशी 900 धरले तर पावणेचौदा तास. झालं गणित!

पण सुरुवातीला विमान दोऱ्यावरून जायचं नाही. एअर इंडियाने ही थेट सेवा डिसेंबर 2015 मध्ये सुरू केली, तेव्हा विमान पश्चिमेला, अटलांटिकवरून जायचं. मार्ग 13,900 किलोमीटरचा आणि वेळ सोळा तासांच्या वर. ऑक्टोबर 2016 मध्ये त्यांनी विमान उलट दिशेला, पूर्वेकडे पॅसिफिकवरून नेलं. मार्ग झाला 15,300 किलोमीटर, म्हणजे 1,400 ने लांब. आणि विमान पोचलं साडेचौदा तासांत! आता भागाकार करा. ताशी साधारण 1,055 येतात. इंजिन तेच, विमान तेच. मग वरचे दीडशे कुठून आले?

वाऱ्याने दिले. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वाऱ्याचा झोत वाहतो, त्याला जेट स्ट्रीम म्हणतात. नदीच्या धारेला लागलेली होडी आणि धारेच्या उलट वल्हवलेली होडी, एवढाच फरक. हिवाळ्यात हा झोत आणखी जोरात असतो.

मागे कुणीतरी कुजबुजलं, की पृथ्वी खालून फिरते म्हणून असं होत असेल. नाही हो. हवाही पृथ्वीबरोबरच फिरते. तसं नसतं तर विषुववृत्तावर ताशी 1,670 किलोमीटरचा वारा तोंडावर बसला असता, टोपीच काय, डोकं राहिलं नसतं! पण विचारणारा अगदीच चुकला नाही. विषुववृत्ताकडची हवा तापते, ध्रुवाकडची गार राहते, आणि उत्तरेकडे निघालेली हवा पृथ्वीच्या फिरण्याने पूर्वेला वळते. झोत तयार होतो तो यातूनच.

आता गंमत परतीची. तिथून निघालेलं विमानही पूर्वेलाच, अटलांटिकवरून दिल्लीला यायचं. म्हणजे मुलीकडे जाऊन आलेल्या आजी एकदाही मागे वळलेल्या नसायच्या. कार्तिकेयाने मोरावर बसून केली ती पृथ्वीप्रदक्षिणा, यांनी खिडकीशेजारी डुलक्या काढत केली. शिवाय जाताना वाटेत पॅसिफिकमधली वाररेषा लागायची, ती पूर्वेकडे ओलांडली की तारीख एक दिवस मागे जाते. दिल्लीहून पहाटे निघायचं आणि साडेचौदा तासांनी उतरायचं, तर तिथे त्याच तारखेची पहाट!