उजव्या पानावरची घरं

(दृश्य: हाताने आखलेलं जुनं पान, शाई पसरलेली)

१७९०. अमेरिकेची पहिली खानेसुमारी. सरकारी छापील तक्ते नव्हते. मोजणीला निघालेला माणूस मिळेल त्या कागदावर स्वतःच रेघा मारायचा.

रकाने पाच. सोळा वर्षांवरचे मुक्त गोरे पुरुष, सोळाच्या आतले, मग गोऱ्या स्त्रिया. शेवटी गुलाम. आणि त्यांच्या आधी, चौथा: ‘इतर सर्व मुक्त माणसं’. नाव फक्त कुटुंबप्रमुखाचं, बाकी सगळे आकडे.

(दृश्य: एकाच ओळीवर कॅमेरा)

त्या काळातली मुक्त काळी कुटुंबं या पानांत शोधताना, गोऱ्यांचे तिन्ही रकाने कोरे आणि चौथ्यात आकडा दिसला, की थांबायचं. हे मुक्त, पण गोरं नसलेलं घर. काळ्यांचं, मिश्र वंशाचं, की कर भरणाऱ्या मूळनिवासींचं, ते रकाना सांगत नाही. पुष्कळदा आडनावही नसतं. नुसतं केटो, पॉम्पी, सीझर. मालकांनी हौसेने ठेवलेली रोमन नावं. म्हणून आडनावाने शोधणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. नावांची सूची बाजूला ठेवून गावच्या गाव ओळीने वाचावं लागतं. कंटाळवाणं काम आहे, पण दुसरा रस्ता नाही.

त्यातही, गोऱ्याच्या घरी राबणारी मुक्त मोलकरीण त्या घराच्या आकड्यात जमा. तिचं नाव कागदावर येतच नाही.

त्या वर्षी देशात ३९ लाखांवर माणसं मोजली गेली. ‘इतर मुक्त’ साठ हजारांच्या आसपास, गुलाम सात लाखांना थोडे कमी. संसदेतल्या जागा ठरवताना पाच गुलाम म्हणजे तीन माणसं.

(दृश्य: मायक्रोफिल्म यंत्र, चौकटी सरकताना)

१८३० मध्ये पहिल्यांदा सरकारी छापील तक्ता आला, इतका रुंद की एक ओळ दोन पानांवर पसरते. डावीकडे नाव आणि गोरे. गुलाम आणि मुक्त काळी माणसं उजवीकडे. या पानांचे फोटो असलेल्या फिल्मवर उजवं पान पुढच्या चौकटीत येतं. डावीकडे कोरी ओळ पाहून पुढे सरकलात, की अख्खं कुटुंब हातातून गेलं!

इतिहासकार कार्टर वुडसन यांनी या पानांवरून मुक्त काळ्या कुटुंबप्रमुखांची देशभराची यादी केली, १९२५ मध्ये छापली. काळ्या माणसाच्या घरात गुलाम दिसले म्हणून चमकू नका, हेही त्यांचंच सांगणं. अनेकांनी स्वतःचीच बायको, स्वतःचीच मुलं पैसे मोजून सोडवून आणलेली असत. कायद्याच्या वहीत ती मालमत्ताच.

(दृश्य: मॉन्टिसेलो, टेकडीवरचा वाडा)

पहिल्या खानेसुमारीचा गोषवारा परराष्ट्रमंत्री थॉमस जेफरसन यांच्या सहीने निघाला. त्यांच्याच वाड्यावर गुलामगिरीत आयुष्य काढलेल्या सॅली हेमिंग्ज पुढे मॅडिसन आणि एस्टन या मुलांसह शार्लट्सव्हिलला राहिल्या. १८३० मध्ये मोजणाऱ्याने त्यांना गोऱ्यांत धरलं. नॅट टर्नर या गुलामाच्या उठावानंतर व्हर्जिनिया राज्याने मुक्त काळ्यांची वेगळी नोंद केली. १८३३ च्या त्या नोंदीत सॅली मिश्र वंशाच्या मुक्त स्त्री आहेत. माणूस तोच, गाव तेच, तीन वर्षांत रंग बदलला. कोण लिहितोय आणि कशासाठी, हे आधी विचारायचं ते यासाठी.

१८५० पासून प्रत्येक मुक्त माणसाचं नाव आलं. गोऱ्यांसाठी रंगाचा रकाना कोराच ठेवायचा, असा हुकूम होता. गुलामांची यादी निराळी: मालकाचं नाव, खाली वय, लिंग, रंग. सगळ्यांची नावं यायला १८७० उजाडलं.

(दृश्य: ओहायो, रॉस काउंटीची नोंद)

त्या वर्षीच्या मॅडिसन हेमिंग्ज यांच्या नोंदीशेजारी मोजणाऱ्याने, कुणी न विचारता, लिहून ठेवलं: हा थॉमस जेफरसनचा मुलगा. एस्टन तोवर हयात नव्हते. विस्कॉन्सिनला जाऊन त्यांनी जेफरसन हे आडनाव लावलं होतं, गोरे म्हणूनच राहिले. १९९८ मध्ये जेफरसन घराण्याशी डीएनए जुळला, तो त्यांच्या वंशजाचा.